वर्ग वाढवला आहे

तांबोळी बाईंनी माझं नुकसान केलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्यांच्याविषयी चार बऱ्या गोष्टी येतील, तेव्हा कुणाला वाटायला नको की मी ते विसरलो. मी विसरत नाही. जुनी मशिनं घ्यायची, दुरुस्त करायची आणि विकायची, हा माझा धंदा. यात विसरणारा माणूस टिकत नाही. धायरीत भंगाराच्या टेंपोवर माल चढवण्यापासून मी सुरुवात केली आणि आज स्वतःच्या गाळ्यात बसतो, ते काही कुणाच्या आशीर्वादानं नाही.

मी जपानी शिकायला गेलो तेही हौस म्हणून नाही. चाकणकडच्या कारखान्यांतून जपानी साहेब जुनी मशिनं विकायला काढतात. ती चांगली निघतात, तेलपाणी वेळच्या वेळी झालेली. पण साहेब आणि आपण यांच्यामध्ये एक दलाल बसलेला असतो. त्याला चार वाक्यं येतात आणि त्या चार वाक्यांवर तो दोन्हीकडून खातो. मी ठरवलं, हा मधला गाळायचा. कुणीतरी वारज्याचा पत्ता दिला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दाराशेजारी एक फळा आणि त्यावर खडूनं लिहिलेलं : ‘भाषावर्ग. बेल एकदाच वाजवावी.’

मी दोनदा वाजवली. दार उघडलं ते एका काटकुळ्या बाईंनी. इस्त्रीची सुती साडी, गळ्यात दोरीला चष्मा.

“पहिल्या बेलचं काय चुकलं होतं?” त्यांनी विचारलं.

जपानी शिकायचंय म्हटलं. फी ऐकली आणि सवयीनं म्हणालो, “जास्त आहे, मॅडम.”

“मॅडम फ्रेंचांच्या. मला फ्रेंच येत नाही. बाई म्हणा.”

“बाई, फी जास्त आहे.”

“कमी करते की. मग भाषाही अर्धीच शिकवीन. ‘हो’ शिकवीन, ‘नाही’ शिकवणार नाही. चालेल?”

सांगितलेली किंमत मी आयुष्यात फार थोड्या ठिकाणी मुकाट मोजली. त्यांतली ही एक.

नसीम तांबोळी त्यांचं नाव. वडिलांचा मंडईत विड्याच्या पानांचा गाळा होता. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं घर. घरात दखनी बोलायचे आणि उंबऱ्याबाहेर मराठी, तीही माझ्यापेक्षा स्वच्छ. लहानपणी त्या गाळ्यावर बसत. इराणहून शिकायला आलेली मुलं मंडईत पुदिना आणि फळं घ्यायला येत, त्यांच्याकडून बाईंनी फारसी उचलली. मग संध्याकाळच्या वर्गांना जाऊन जर्मन, रशियन आणि सगळ्यात शेवटी जपानी. एवढ्या देशांच्या भाषा येणाऱ्या या बाई पुण्याबाहेर म्हणाल तर मुंबईपर्यंत गेलेल्या. विमान त्यांनी खालूनच पाहिलेलं. तरी जपानात पावणा उठला की यजमान कुठपर्यंत सोडायला येतो, तेहरानमध्ये दुसऱ्याच्या आधी दारातून आत जाणं कसं उद्धटपणाचं, हे त्या असं सांगत की जणू काल तिकडेच चहाला होत्या.

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं मुळाक्षरं येतील. बाईंनी विचारलं, “तुमच्या घरी ‘नाही’ कसं म्हणतात?”

कंपन्यांतली दहाबारा पोरं-पोरी होती. सगळी एकमेकांकडे बघायला लागली. बाई म्हणाल्या, “प्रत्येक भाषेत ‘नाही’ कुठेतरी लपवलेलं असतं. ते आधी शोधायचं. बाकीचं व्याकरण पुस्तकात असतं.” मग एकेकाला उभं केलं. कुणी म्हणालं, ‘कळवतो’. कुणी, ‘घरी विचारून सांगते’. एकजण म्हणाला, ‘बघू’.

“बघू,” बाईंना तो शब्द फार आवडला. “यात ‘नाही’ कुठेच दिसत नाही, आणि आख्खं ‘नाही’च आहे. आमच्याकडे ‘देखेंगे’ म्हणतात. आमच्या अम्मीनं देखेंगे म्हटलं की आम्ही ईदच्या कपड्यांचा विषय सोडायचो. तुमच्याकडे हो, पोकळे?”

“आमच्यात तोंडावर नाही म्हणतात,” मी म्हणालो. “आणि वर बाहेर हो म्हणतात.”

“तुम्ही मुळात जर्मन आहात,” बाई म्हणाल्या. “नुसते धायरीत जन्मलात.”

माझ्या बोलण्यात ‘आहे’च्या जागी मध्येच ‘हाय’ येतं. वर्गातली पोरं हसायची. बाईंनी एकदाच वर पाहिलं आणि म्हणाल्या, “त्यांना दोन मराठी येतात. तुम्हाला दीडसुद्धा येत नाही, निम्मी तर इंग्रजी आहे.” परत कुणी हसलं नाही.

त्या रागावत अशा कधी नव्हत्या, पण आनंद झाला की कळायचं. एके दिवशी आम्ही जायच्या आधीच दार उघडून उभ्या होत्या. म्हणाल्या, “आपण बांगडी फुटली म्हणतो का? वाढवली म्हणतो. घरातले तांदूळ संपले तरी वाढले म्हणतो. वडील रात्री गाळा बंद करायचे तर म्हणायचे, दुकान वाढवलं. बरोबर?” आम्ही मान हलवली. “जपानात मेजवानी संपली की संपली म्हणत नाहीत. म्हणतात, आता उघडू या. उघडू या म्हणजे घरी जा. मंडई ते टोकियो, हो. संपलं म्हणायची भीती दोन्हीकडे सारखीच.” तो आठवडाभर त्या वर्ग सुटताना ‘आता उघडू या’ म्हणत होत्या.

त्यांचा आणखी एक नियम होता, तो फारसीतून आलेला. इराणी दुकानदाराला पैसे द्यायला गेलं की तो म्हणतो, राहू द्या, तुमच्यापुढे याची काय किंमत. गिऱ्हाईक खरंच उठून गेलं तर चोर ठरेल. तसंच जेवायला बोलावण्याचं. बाई म्हणत, “एकदा या म्हटलं तर ती रीत. दुसऱ्यांदा म्हटलं तर सभ्यपणा. तिसऱ्यांदा म्हटलं तर खरं.” पुण्यात हा नियम लावला तर माणूस उपाशी मरेल असं मी म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, “मरेल, पण अपमान होणार नाही.”

आता माझ्या नुकसानीचं.

चाकणच्या एका कारखान्यात ग्राइंडिंगची मशिनं निघणार होती. सहा महिने मी त्यांच्यावर डोळा ठेवून होतो. माझं जपानी अजून ‘हे पुस्तक आहे’ एवढंच, म्हणून बाईंना जीपमध्ये घालून घेऊन गेलो. तिथले साहेब मोरिता म्हणून होते. पिकलेले केस, साधा कामगारांसारखाच गणवेश. मी भाव सांगितला. मोरितांनी दातांतून हवा आत ओढली, मान थोडी वाकडी केली आणि म्हणाले, “मुझुकाशी देस ने.”

“उठा,” बाई मला हळूच म्हणाल्या.

“काय म्हणाला?”

“कठीण आहे म्हणाले.”

“मग सोपं करू की. बसा तुम्ही.”

“कठीण म्हणजे नाही, पोकळे. त्यांच्या तोंडून ‘नाही’ वदवून घेऊ नका. त्यांना लाज वाटेल. उठा.”

आणि त्या उठल्यासुद्धा. कमरेत वाकून काहीतरी लांबलचक बोलल्या. ते ऐकून मोरिता उभे राहिले आणि त्यांच्याहून खाली वाकले. दोघं बराच वेळ वाकत होते. मी मध्ये हातात टोपी घेऊन उभा. मशिनं भिंतीपलीकडे.

आठ-दहा दिवसांत बातमी आली. भोसरीचा एक दलाल, ज्याला जपानीचा एक शब्द येत नाही, तिथे रोज जाऊन बसला. साहेब मुझुकाशी म्हणाले, तो म्हणाला, ‘गुड प्राइस सर’. साहेब परत मुझुकाशी म्हणाले, तो परत गुड प्राइस. शेवटी मशिनं तो घेऊन गेला, माझ्यापेक्षा कमी भावात.

मी वारज्याला गेलो तेव्हा बेल किती वेळा वाजवली आठवत नाही. वर्ग चालू होता. मी सगळ्यांसमोर सुरू केलं. “त्याला त्यांची भाषा येत नाही म्हणून त्याला मशिनं मिळाली, बाई. मला तुम्ही भाषा शिकवली म्हणून माझी गेली. हा कसला धंदा हाय?”

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “त्याला मशिनं मिळाली. मोरितासानना त्या दिवशी जेवण गेलं नसेल.”

“त्याच्या जेवणाशी मला काय करायचंय? मला मशिनं पाहिजे होती.”

“म्हणून तर तुम्ही अजून पाचव्या धड्यावर आहात.”

मी तिथून निघालो तो दोन महिने गेलो नाही. मग परत गेलो. फी भरलेली होती हे एक कारण. दुसरं मला अजून नीट सांगता येत नाही.

आजही माझं म्हणणं तेच आहे. चूक त्यांची होती. माणूस नाही म्हणतो तेव्हा सौदा सुरू होतो. धायरीतलं शेंबडं पोरही हे जाणतं. बाईंना ‘नाही’ कुठे लपलंय ते इतकं छान ऐकू यायचं की त्यांना ते सगळीकडेच ऐकू येत होतं. यात नुकसान माझं झालं ते मशिनांपुरतं. त्यांचं झालं ते वेगळं.

कारखान्यातलं काम संपवून मोरिता मायदेशी निघाले. जाण्याआधी त्यांचा मला फोन. मोडक्या इंग्रजीत एवढंच कळलं की त्यांना ‘सेन्सेई’ला भेटायचंय, म्हणजे बाईंना. मी वर्गाच्या वेळी घेऊन गेलो. त्यांनी दारात बूट काढले आणि वाकून त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला वळवून ठेवली. बाईंनी आम्हाला नुसत्या डोळ्यांनी ते बूट दाखवले. तो त्या दिवसाचा धडा झाला.

बाईंनी शीरखुर्मा केला होता. मोरितांनी वाटी दोन्ही हातांत धरून सगळा संपवला. मग बोलत बसले. मध्ये मध्ये बाई आम्हाला मराठीत सांगत. त्यांच्या गावी एक केशरी फळ असतं, आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं. थंडी सुरू झाली की सोलून दोऱ्यात ओवून पडवीत टांगतात. घरातली म्हातारी माणसं येता-जाता एकेक फळ हातानं चोळत राहतात, मग आतली साखर बाहेर येते आणि वर पांढरी बुरशीसारखी दिसते. “फळाचं नाव काकी,” बाई म्हणाल्या.

“आमच्या काकीला चोळलं तर साखर नाही निघणार,” मी म्हणालो. बाईंनी हे मोरितांना सांगितलं. ते इतके हसले की डोळे पुसायला लागले.

मग ते म्हणाले, काकी टांगतो तेव्हा आमच्या गावी या. जाताना दारात पुन्हा म्हणाले, “झेहि.” म्हणजे अगदी अवश्य. जिन्यावरून खाली आल्यावर गाडीत बसताना त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं आणि मला विचारलं, “सेन्सेई, कम?”

मी दुसऱ्या दिवशी हे बाईंना सांगितलं. “झालं तिसऱ्यांदा. आता चला.”

“तुम्हाला विचारलं त्यांनी,” बाई म्हणाल्या. “मला दोनदाच.”

“मग तुम्ही विचारा, खरंच येऊ का.”

“विचारलं की ते आमंत्रण राहत नाही. उसनवारी होते.”

पण त्यांनी पासपोर्ट काढला. हे मला माहीत आहे, कारण कचेरीत मीच घेऊन गेलो होतो. नववर्षाला मोरितांच्या शुभेच्छा यायच्या, तब्येतीची चौकशी यायची. ‘या’ असं त्यात नसायचं. बाई वाचायच्या आणि म्हणायच्या, “बरोबर आहे. दोनदाच म्हणाले होते ते.” दर वर्षी दिवाळी झाली, पहाटे गारठा पडला की वर्गात एक वाक्य ठरलेलं असे : “आता तिकडे काकी दोऱ्यात ओवत असतील.” त्या तेव्हा हाताची बोटं अशी चोळत की जणू फळ हातातच आहे.

मी पुष्कळदा म्हणालो, तिकीट मी काढतो, बरोबर येतो, वाकायचं तेवढं तुम्ही वाका. त्या म्हणत, “न बोलावता?” पहिला पासपोर्ट कोराच संपला. त्यांनी दुसरा काढला. तोही कोरा. मी त्यांच्याशी त्यावरून भांडलो आहे, खाली रस्त्यावर लोक थांबतील इतक्या आवाजात. मशिनांसाठी भांडलो त्यापेक्षा जास्त.

पुढे वर्गाला उतरती कळा लागली. पोरं म्हणू लागली, मॅम, आता अ‍ॅप आहे. बाईंनी एकाचा फोन मागून घेतला आणि त्यात स्पष्ट म्हणाल्या, “बघू.” फोननं जपानीत काहीतरी सांगितलं. बाईंनी फोन परत दिला. “बघू म्हटलं तर हा म्हणतो, चला पाहू या. याला घेऊन लग्न ठरवायला जाऊ नका. हो समजून हॉल बुक कराल.” सगळे हसले. पुढच्या महिन्यात त्यातले निम्मे आले नाहीत. फोनला निदान फी नव्हती.

मग बाईंचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिना बंद केला. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला जिना बंद म्हणजे काय ते सांगायला नको. त्यांची विधवा भावजय येऊन राहिली. वर्ग थांबला. बाईंनी भावजयीच्या खांद्याचा आधार घेऊन दाराशेजारच्या फळ्यावर स्वतः लिहिलं : ‘वर्ग वाढवला आहे.’

झालं असं की खालच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या पोरांनी ते वाचलं आणि चार ठिकाणी सांगितलं की जपानीचा क्लास मोठा केलाय. लोक प्रवेश घ्यायला तीन मजले चढून येऊ लागले. भावजय मला म्हणाली, “भाईसाब, तुम्ही तरी सांगा. सरळ ‘बंद’ लिहा म्हणावं. दिवसातून दोनदा दार उघडते मी.”

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, “त्यांना मराठी येत नाही तर मी काय करू? बंद लिहायला माझा हात वळत नाही.”

गेल्या दिवाळीनंतर माझ्या गाळ्यावर एक जपानी इंजिनिअर मशिन बघायला आला. तरुण माणूस, फोनमध्ये बोलायचा आणि फोन हिंदीत सांगायचा. बेअरिंग कसलं, कधी बदललं, असं चाललं होतं. बोलता बोलता कळलं की तो मोरितांच्या हाताखाली शिकलेला. मी विचारलं, कसे आहेत. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि फोनमध्ये बराच वेळ बोलला. फोनमधली बाई बेअरिंगविषयी बोलत होती त्याच सुरात म्हणाली, “मोरिता साहब नहीं रहे. वे हर साल पूछते थे, पुणे की टीचर कब आएंगी. जब काकी टांगते थे तब पूछते थे.”

मी त्याला परत बोलायला लावलं. फोननं परत तेच सांगितलं.

मी त्याला विचारलं, मग तुमच्या साहेबांनी पत्रात तसं लिहिलं का नाही एकदा? फोननं त्याला सांगितलं, त्यानं दातांतून हवा आत ओढली. मग फोन म्हणाला, “बार-बार कहने से उन पर बोझ पड़ता. उन्होंने सोचा, वे विनम्रता से मना कर रही हैं.”

म्हणजे त्यांनाही बाईंचं ‘नाही’ ऐकू आलं होतं. जे बाई कधी म्हणाल्याच नव्हत्या ते.

त्या दिवशी मी मशिनाचा सौदा केला नाही. गाळा बंद केला आणि वारज्याला गेलो. सिंहगड रस्त्यावर गर्दी होती, पुढच्या रिक्षावाल्याला मी उगाच शिव्या घातल्या. मी तोंडावर बोलणारा माणूस आहे. मनाशी ठरवलं होतं की सांगायचं. म्हणायचं, बघा बाई, तुम्ही माझी मशिनं घालवली आणि स्वतःचं हेही घालवलंत. तो माणूस दर वर्षी वाट बघत होता. आयुष्यभर माझ्याशी हुज्जत घातलीत, आता बोला.

बाई खिडकीशी पलंगावर होत्या. अंगावर शाल. मनगटं पूर्वीपेक्षा बारीक झालेली. मी बेल एकदाच वाजवली होती.

“आज काय झालं? एकच?” त्या म्हणाल्या. आवाज खोल गेला होता.

मी सांगितलं, मोरितांच्या कारखान्यातला माणूस आला होता.

त्यांनी उशीवर मान वळवली. “मोरितासान कसे आहेत?”

मी खिडकीबाहेर पाहिलं. दातांतून हवा आत ओढली. म्हणालो, “मुझुकाशी.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. हात शालीखाली गेला. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं गाणं वाजत होतं. ते थांबलं.

“पोकळे,” त्या म्हणाल्या, “पाचवा धडा झाला म्हणायचा.”

मग थोड्या वेळानं विचारलं, “काही म्हणत होते का? येण्याबद्दल वगैरे?”

मी आजवर शेकडो माणसांशी सौदे केले. समोरच्याला काय पाहिजे ते त्याच्या आधी मला कळतं, मी जेवतो त्याच्यावर. बाईंना काय पाहिजे ते मला कळत होतं. आणि ते दिलं तर त्यांचं काय होईल तेही.

“नाही,” मी म्हणालो. “तसं काही बोलला नाही तो.”

बाईंचा चेहरा सैल झाला. “बघा,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं नव्हतं? नुसती रीत होती ती. तुम्हाला कधी पटलं नाही.”

“नाही पटलं,” मी म्हणालो.

“गेले असते तर केवढी पंचाईत झाली असती त्यांची.” आणि त्यांनी समाधानानं डोळे मिटले.

मला तिथे बसवेना. चहा टाकते म्हणत भावजय आत गेली होती, तिला थांबवून मी उठलो. म्हणालो, “येतो, बाई.” तेवढ्यात बेल वाजली. दोनदा. मीच दार उघडलं. हातात हेल्मेट, पाठीला लॅपटॉपची बॅग, अशी एक मुलगी धापा टाकत उभी होती.

“काका, जॅपनीजचा क्लास इथेच ना? बोर्डवर लिहिलंय, वाढवलाय. न्यू बॅच कधीपासून आहे?”

मी काही बोलायच्या आत पलंगावरून आवाज आला. बाईंनी डोळे उघडले होते. उशीवरून मान थोडी उचलून त्या मुलीकडे नीट बघत होत्या.

“बघू,” त्या म्हणाल्या.

“ओके, थँक यू मॅडम,” मुलगी खुशीत म्हणाली. “मी नेक्स्ट वीकमध्ये येऊन जाते मग.”

आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा. मी दार धरून उभा होतो. बाई काहीतरी म्हणतील म्हणून थांबलो. मॅडम फ्रेंचांच्या, असं. त्या काही म्हणाल्या नाहीत. हात शालीबाहेर होता आणि बोटं हळूहळू चोळत होती.